शौचाचा रकाना

तिसऱ्या दिवशीही रकाना कोराच राहिला, तेव्हा मावशींनी पेन उचललं आणि परत ठेवून दिलं.

मावशी म्हणजे आजींना सांभाळायला ब्युरोने पाठवलेल्या बाई. घरात सगळेच त्यांना मावशी म्हणत, ऐंशी वर्षांच्या आजीसुद्धा. आजींच्या उशाशी एक जाड वही असे. तिच्यात ताप, रक्तदाब, जेवण, लघवी, शौच आणि झोप असे सहा रकाने आखलेले होते. रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला सूनबाई त्या पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकत. मग परदेशी नोकरीला असलेला मुलगा आणि दुसऱ्या शहरात राहणारी लेक ते पान वाचत. आईशी फोनवर बोलायला दोघांनाही सवड होत नसे, पण आईचं पोट साफ झालं की दोघांचेही अंगठे वर होत.

नियम मुलाने तिकडून घालून दिला होता. तीन दिवस शौचाला झालं नाही, तर चौथ्या दिवशी नर्स बोलवायची आणि एनिमा द्यायचा.

"मावशी, टिक मारा," आजी म्हणाल्या.

"अहो, झालंच नाही तर टिक कशी मारू?"

"पेनाने. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले मी. रकाना भरलेला असला की पुढे कुणी काही विचारत नाही."

"आजी, माझ्या नावावर आधीच दोन तक्रारी आहेत. तिसरी झाली की ब्युरो यादीतून नाव काढतं. या वयात मला दुसरं कोण उभं करणार?"

दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. पहिल्या घरी पेशंट दगावला, म्हणून 'नीट सांभाळलं नाही'. दुसऱ्या घरी पेशंट खडखडीत बरा झाला, म्हणून 'गरज नसताना राहिल्या'.

"मागच्या वेळी त्या नर्सने दार सताड उघडं ठेवलं होतं," आजी हळूच म्हणाल्या. "बाहेर पडद्यांची मापं घ्यायला माणूस आला होता. त्याने माझी ओळख काढली. म्हणाला, तुम्ही पोस्टात होता ना?"

मावशींनी टिक मारली.

सहा वाजून दहा मिनिटांनी सूनबाई फोन हातात धरून आल्या. "मावशी, ताई विचारतायत, किती झालं?"

"मध्यम," मावशी म्हणाल्या.

"तीन दिवसांनी मध्यमच?"

मुलगा इंजिनिअर होता. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं जुळत नाही, असं त्याने तिकडून कळवलं. कुठेतरी काहीतरी अडकलंय, तपासून घ्या. लगेच लॅबला फोन गेला. उद्या सकाळी नऊला माणूस येऊन नमुना घेऊन जाईल असं ठरलं.

सकाळी साडेआठला मावशी छोटी प्लास्टिकची बाटली घेऊन आजींसमोर उभ्या होत्या. "आजी, आता काहीतरी करा हो!"

"करता आलं असतं तर टिक मारायला कशाला लावली असती?"

नऊला पाच मिनिटं असताना मावशी बाटली घेऊन बाथरूममध्ये गेल्या. बाहेर आल्या तेव्हा बाटली भरलेली होती आणि मावशींचे कान लालबुंद झाले होते. नमुना मावशींचा होता. लॅबच्या माणसाने त्यावर आजींचं नाव चिकटवलं आणि तो शीळ घालत जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. आजींच्या पोटात जंत निघाले, आणि तेही भरपूर.

ग्रुपवर नुसता गदारोळ उठला. डॉक्टरांनी फोनवरच औषध सांगितलं: तीन दिवस जंतांची गोळी आणि पुढे दोन महिने लोहाच्या गोळ्या. "हे जंत रक्त पितात. चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अंगात त्राण राहत नाही."

मावशी दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. दोन वर्षं त्या या घराचा जिना चढताना प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबत होत्या. त्याला त्या वय म्हणत आल्या होत्या.

तेवढ्यात फोनमधून लेकीचा आवाज आला. "वहिनी, आई तर उंबऱ्याबाहेर पडत नाही. मग हे घरात आणलं कुणी? बाहेरून येतं कोण?"

सूनबाईंनी मावशींकडे पाहिलं. फोनही मावशींकडे वळवला, म्हणजे लेकीलाही पाहता यावं.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका," सूनबाई म्हणाल्या, "पण उद्या तुमचंही तपासून घेऊ. काही निघालं तर मात्र मला ब्युरोला कळवावं लागेल."

आता तर मावशींना नमुना खरा द्यायचा होता आणि तोच घात करणार होता. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. आजींनी मात्र दोन वेळा नीट जेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या हाक मारली.

"मावशी, भांडं आणा. लवकर!"

पाच दिवसांचं अडलेलं एकदाचं मोकळं झालं. आजी घाम पुसत म्हणाल्या, "आता तुमची बाटली आणा. या घरात माझ्याइतकं धडधाकट पोट दुसऱ्या कुणाचं नाही."

त्या बाटलीवर मावशींचं नाव लागलं. रिपोर्ट अगदी स्वच्छ आला. सूनबाईंनी तो दोनदा वाचला. त्यांचा जरा हिरमोडच झाला.

घरातल्या सगळ्यांनीच गोळ्या घेतलेल्या बऱ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. सूनबाईंनी घेतल्या. स्वयंपाकाच्या बाईंना दिल्या. मुलाने तिकडे परदेशात खबरदारी म्हणून घेतल्या. तो आईला भेटून तीन वर्षं झाली होती.

"मला पण एक द्या ना, वहिनी," मावशींनी बिचकत म्हटलं.

"तुम्हाला कशाला? तुमचा रिपोर्ट स्वच्छ आहे."

दुपारी मावशी आजींची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन खाटेजवळ आल्या. "आजी, तोंड उघडा."

"तुम्ही उघडा."

"आजी!"

"चुकीच्या पत्त्यावर आलेलं पाकीट मी कधी ठेवून घेतलेलं नाही. ज्याचं त्याला पोचलं पाहिजे. उघडा तोंड."

तीन दिवस जंतांची गोळी आणि नंतर रोज लोहाची गोळी मावशींच्या पोटात गेली. वहीत मावशी 'गोळी दिली' असं लिहून टिक मारत राहिल्या. दिली आणि घेतली, दोन्ही खरं होतं. कुणी घेतली, हे कुणी विचारलं नव्हतं.

महिन्याभरात मावशी दोन मजले न थांबता चढू लागल्या. दुसऱ्या महिन्यात गालांवर मांस आलं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली आणि आजींची पाठ पुसताना त्या गुणगुणायला लागल्या. दुपारी भूक लागायची, मग घरून आणलेल्या डब्यातलं शेवटचं शीतसुद्धा उरत नसे. आजी होत्या तशाच होत्या. त्यांना मुळात काही झालंच नव्हतं.

सूनबाई दर रविवारी आजींचं वजन करत. एका रविवारी त्या काट्यावरचा आकडा बघून तशाच उभ्या राहिल्या. "एवढं औषधपाणी केलं, दोन महिने गोळ्या झाल्या, आणि आईंचं वजन तसूभर वाढलं नाही. मावशी, तुम्ही जरा काट्यावर उभ्या राहता का?"

मावशी उभ्या राहिल्या. ब्युरोच्या कार्डावर लिहिलेल्या वजनापेक्षा साडेचार किलो जास्त भरलं.

ग्रुपवर दोघींचा एकत्र फोटो गेला. 'आईच्या ताटातलं कुठे जातंय ते दिसतंच आहे,' लेकीने लिहिलं. मुलाने वहीत सातवा रकाना आखायला सांगितला: मावशींचं वजन. तो रकाना दोन आठवडे चालला. मग सूनबाईंनी ब्युरोला फोन केला.

मावशींशी फोनवर बोलताना ब्युरोच्या मॅडमही चक्रावल्या. "मावशी, माझ्या फॉर्मवर चोरी, भांडण, दांडी आणि कामावर झोप एवढेच रकाने आहेत. कामावरच्या बाईंची तब्येत सुधारली, हे मी कशाखाली लिहू? तुम्ही केलंत तरी काय?"

"काही नाही, मॅडम. डब्यातलं खाल्लं आणि ते अंगी लागलं."

"इतरमध्ये लिहिते. पण तिसरी आहे हो. माझाही नाइलाज आहे."

मावशींनी फोन ठेवताच आजी अंथरुणात उठून बसल्या. "थांबा, मीच सांगते सगळं. पहिल्या टिकेपासून."

"सांगा," मावशी त्यांची उशी नीट करत म्हणाल्या. "मग माझ्यावर तक्रारी होतील चार. आणि इथे ती नर्स येईल दर तिसऱ्या दिवशी. दार उघडं ठेवून."

आजी पुन्हा आडव्या झाल्या. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि त्या दिवशीचा 'जेवण' हा रकाना खरोखरच कोरा राहिला.

सोमवारी नवीन बाई आल्या. हाडांचा सापळा होत्या. दोन मजले चढून आल्या आणि दाराची चौकट धरून नुसत्या श्वास घेत राहिल्या. सूनबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "या बऱ्या. यांचं खाणं बेताचं असणार."

मावशींनी नव्या बाईंना वही समजावून सांगितली. आजींनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. "इकडे ये गं," म्हणून त्यांना जवळ बोलावलं आणि अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक होतं, रक्ताचा टिपूस नव्हता. आजींनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान हलवली.

"सूनबाई," आजींनी पोट धरून कण्हायला सुरुवात केली, "पुन्हा कसंतरीच होतंय गं पोटात. तो बाटलीवाला माणूस उद्या येईल का?"

सूनबाई आधीच फोन लावत बाहेर पळाल्या होत्या.

मावशींनी पिशवी खांद्याला लावली आणि नव्या बाईंच्या कानाशी वाकून विचारलं, "तुम्हाला सकाळी वेळेवर होतं ना?"

"होतं की. का हो?"

"मग काळजी नाही. तुम्ही इथे बऱ्या व्हाल," मावशी म्हणाल्या. "फक्त फार बऱ्या दिसू नका."