वीस चेंडूंचा नमुना

माझी नजर म्हणजे मायक्रोमीटर आहे, असं मी गेली बावीस वर्षं सांगत आलोय. चाकणच्या आमच्या कारखान्यात गिअरबॉक्सच्या पिना बनतात आणि त्यातली पास कुठली, नापास कुठली, हे मी ठरवतो. वांगं किडकं आहे की नाही हे मी नुसतं देठ बघून सांगतो! परवा घरी आणलेल्यातली तीन किडकी निघाली, हे बायको चारचौघांत मुद्दाम सांगते. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

तर झालं असं, की आमच्या मालकांच्या सूनबाई, अनुया मॅडम, अमेरिकेत शिकून आल्या आणि त्यांनी कंपनीचा मुलींचा बेसबॉल संघ काढला. संघाला कॅचर हवी होती. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर समजा, मारणारीच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारी. जिची निवड होईल तिला ट्रेनीची नोकरी. दोघीच उरल्या होत्या, मारुंजीची दिव्या आणि चऱ्होलीची सलोनी. सलोनी म्हणजे आमच्या लेथवरच्या बबनरावांची मुलगी, नुकताच डिप्लोमा झालेली. अठरा वर्षं मशीनपुढे उभं राहून बबनरावांचे गुडघे कामातून गेले होते, आणि पोरीला नोकरी लागली की घरी बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मॅडम म्हणाल्या, झेलण्यात दोघी सारख्याच आहेत. कॅचर बहुधा मारण्यात कच्ची असते, तेव्हा यांच्यातली खरी मारणारी कोण आणि पुढे दोन-तीन वर्षांत कोण कुठवर जाईल, हे कुणीतरी शास्त्रशुद्ध तपासायला हवं. बेसबॉलचा चेंडू मी आयुष्यात हातात धरला नव्हता. हात मात्र सगळ्यांत आधी माझाच वर गेला!

लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणावं, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. गल्ली क्रिकेट खेळलेल्या माणसाला बॅटबॉलचं आणखी काय शिकायचं असतं? मी भंगारातल्या दोन मोटारी आणि स्कूटरची दोन चाकं जोडून चेंडू फेकणारं मशीन बनवलं. ते थोडं लंगडत होतं, चेंडू कधी खांद्यावरून जायचा, कधी घोट्यापाशी, कधी हातभर लांबून. पण दोघींना तेच मशीन, म्हणजे न्याय सारखा. हजार पिनांच्या पेटीतून आम्ही वीस तपासतो, म्हणून चेंडूही वीसच ठेवले.

चाचणीच्या दिवशी बबनराव लेथ सोडून माझ्यापाशी आले. "पोरीत दम हाय, साहेब," ते हळूच म्हणाले. "फकस्त नीट बगा." मी म्हटलं, बबनराव, बघणं हाच माझा धंदा आहे.

दिव्याने वीसच्या वीस चेंडूंवर बॅट फिरवली. डोक्यावरून जाणाऱ्यालासुद्धा उडी मारून फिरवली. अकरा चेंडूंना बॅट लागली, निदान चाटून गेली. काय ती जिद्द! मग सलोनी आली. चार चेंडू तिने असे मारले, की एक कँटीनच्या पत्र्यावर जाऊन पडला आणि आचारी पोह्यांचं पातेलं टाकून बाहेर पळाला. उरलेल्या सोळांना तिने बॅट हलवलीसुद्धा नाही. चेंडू सोडायची आणि माझ्याकडे बघायची. प्रत्येक वेळी बघायची, जणू मी काहीतरी बोलणार आहे. मला वाटलं, घाबरली बिचारी.

अहवालात मी रंगीत आलेख काढला. दिव्या, पंचावन्न टक्के. सलोनी, वीस टक्के. शेरा: "आळस. निर्णय घेता येत नाही. भवितव्य दिसत नाही." आणि सवयीप्रमाणे तिच्या अर्जाला नापास मालाला लावतो तो लाल टॅग अडकवला. तो टॅग बबनरावांनीच पाहिला. "न्हाई जमलं व्हय?" एवढंच म्हणाले. "असू द्या." दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखा त्यांनीच मला चहा आणून दिला.

फुशारकीने मी चाचणीचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकला होता. तो फिरत फिरत भोसरीच्या इंदुताईंकडे पोचला. इंदुताई म्हणजे खेळाच्या शिक्षिका, सलोनीला पाचवीपासून शिकवत आलेल्या. त्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"मारणारीपुढे जमिनीवर पाटी असते, ती प्लेट. तिच्या वरून, गुडघा ते छाती एवढ्यातून चेंडू आला तरच मारायचा असतो," त्या म्हणाल्या. "बाहेरचा सोडायचा. असे चार सोडले की खेळाडू न मारता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर जाते. तुमच्या मशीनने आत टाकले चार. चारही तिने मारले. बाकीच्या वेळी तुमच्याकडे का बघत होती, माहितीये? पंच आता बाहेरचा म्हणून सांगेल, अशी वाट बघत होती."

मी विचारलं, मग ती बोलली का नाही?

"तुम्ही परीक्षक होतात ना."

तसाच मॅडमकडे धावलो. पण दिव्याचं नेमणूकपत्र निघालं होतं, आणि मॅडम माझ्या आलेखाचं कौतुक करत होत्या. खरं सांगायला तोंड उघडलं, सांगितलंही. त्या म्हणाल्या, आता पत्र मागे घेता येणार नाही. पहिल्याच सामन्यात दिव्या उड्या मारमारून चारदा बाद झाली. बबनराव दुखऱ्या गुडघ्यांनी मशीनपुढे उभेच राहिले आणि मला चहा देत राहिले. एकदा त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी मुद्दाम थोडंच केलंत." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार महिन्यांनी आमच्या पिना घेणाऱ्या कंपनीने अख्खा लॉट परत पाठवायचं ठरवलं. मी माझं गेज, म्हणजे पिनेची जाडी मोजायचं हत्यार, घेऊन तावातावाने तिथे गेलो. माल तपासणीच्या टेबलामागे सलोनी! तिला तिथे नुकतीच नोकरी लागली होती, आणि बबनरावांनी मला सांगितलं नव्हतं. बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून.

"बसा काका," ती म्हणाली. माझ्यासमोर वीस पिना मोजल्या. "चार बरोबर आहेत. सोळा मापाबाहेर."

मी म्हटलं, तुझं गेज चुकत असेल. तिने तिच्या गेजचं ताजं प्रमाणपत्र दाखवलं. मग माझं गेज मागून घेतलं आणि अचूक मापाच्या मास्टर पिनेला लावलं. माझंच चुकत होतं. त्याची तपासणी करायची तारीख सात महिन्यांपूर्वीच उलटून गेली होती.

म्हणजे त्या चाचणीच्याही आधी, हा हिशेब मी मनातच केला.

तिने लाल टॅग घेतला, सुवाच्य अक्षरात "मापाबाहेर" लिहिलं आणि सही केली. मग माझ्याकडे बघितलं, अगदी त्या दिवशीसारखं, वाट बघत.

या वेळी मी बोललो. "बाहेरचेच होते ते चेंडू, सलोनी. सोळाही."

"चहा घेता का काका?" तिने विचारलं. "बाबा सांगतात, तुम्हाला साखर कमी लागते."

खाली मान घालून प्यायलो. साखर अगदी बरोबर होती.