मोझेसचं काम कोणी करायचं?

यादवी युद्ध संपवणं त्या मानाने सोपं असतं. एक बाजू हरते, सेनापती सही करतो, घोडे आपापल्या घरी जातात. खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. काल ज्याला विकत घेता येत होतं, तो आज शेजारच्या खुर्चीवर बसायला येतो, आणि खुर्च्या तर तेवढ्याच असतात. अमेरिकेने हा प्रश्न १८६५ ते १८७७ अशी बारा वर्षं हाताळला आणि मग कंटाळून सोडून दिला. पुढे १९८४ साली तो शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाकडे आला. आम्ही तो एका हिवाळ्यात निकालात काढला.

मी त्या मंडळाचा सेक्रेटरी. आमचे सभासद शंभर टक्के समतावादी आहेत. (तसा सर्व्हेच घेतला होता. 'आपण समता मानता का?' या प्रश्नाला सर्वांनी 'हो' म्हटलं. 'कोणाशी?' हा प्रश्न जागेअभावी गाळावा लागला.) काळ्या लोकांबद्दल तर आम्हाला फार आदर आहे. तो जवळून पाहिल्याने कमी होऊ नये, म्हणून त्यांची वस्ती असलेल्या शिकागोच्या दक्षिण भागातून गाडी नेताना आम्ही दारं आतून लॉक करतो.

मंडळाचे अध्यक्ष मोहनराव सबनीस सिव्हिल इंजिनियर. त्यांच्या पत्नी सुमित्राताई एका लॅबमध्ये नोकरीला. मुलगी दीपा सातवीत, जन्म इथलाच. दीपाच्या आवाजाबद्दल एवढंच सांगतो, की गणपतीत माइक बंद पडला तेव्हा कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण आरती ती म्हणत होती.

तिच्या शाळेत मिस हॅन्ली नावाच्या तरुण बाई इतिहास शिकवत. त्यांनी नाटक बसवायला घेतलं. युद्ध संपलंय, गुलाम मुक्त झालेत, साउथ कॅरोलायनातल्या एका चर्चमध्ये सभा भरलीय. कालपर्यंत कर्नल हॉलोवेच्या मळ्यात गुलाम असलेला मोझेस मतदानाचा हक्क मागतो, कर्नल विरोध करतो, आणि शेवटी प्रेक्षकांनीच हात वर करून निकाल द्यायचा. भाषणं मात्र ज्याची त्याने अभ्यास करून लिहायची.

दीपा बर्फाचे बूट न काढताच स्वयंपाकघरात आली. "आई, आय गॉट मोझेस! इट्स द लीड!"

"मोझेस म्हणजे बायबलमधला?" सुमित्राताई खूश झाल्या.

"नो, ही वॉज अ स्लेव्ह. अँड नाऊ ही इज फ्री!"

मोहनरावांनी चमचा खाली ठेवला. "स्लेव्ह? आपली दीपा?"

त्याच शनिवारी सबनिसांच्या बेसमेंटमध्ये तातडीची बैठक झाली. कोणाच्याही मनात गैरसमज नको म्हणून नमूद करतो की गुलामांच्या मुक्तीला एकाचाही विरोध नव्हता. गुलाम मुक्त झालाच पाहिजे, फक्त तो सबनिसांच्या घरात होऊ नये, एवढाच मर्यादित मुद्दा होता.

"मी सांगतो काय झालंय," श्रीरंग काका म्हणाले. काका केमिस्ट आहेत, आणि चष्मा मधल्या बोटाने वर सारून ते जे बोलतात ते मंडळात शास्त्र समजलं जातं. "वर्गात सावळी ही एकटीच. बाईंनी रंग बघून काम दिलंय. पण आपण आर्य. आर्य म्हणजे कॉकेशियन, गोऱ्यांच्याच वंशातले. हे सायंटिफिक आहे."

(हाच युक्तिवाद एका भारतीय गृहस्थाने आपलं नागरिकत्व टिकवायला १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयात केला होता. न्यायालयाने तो ऐकून घेतला आणि त्याचं नागरिकत्व रद्द झालं. काकांच्या मते त्याची मांडणी कच्ची होती.)

मोहनरावांची कन्सल्टिंग कंपनी सरकारी कंत्राटांतल्या सवलतीसाठी नुकतीच 'मायनॉरिटी बिझनेस' म्हणून रजिस्टर झाली होती, आणि यात विसंगती शोधणारे लोक असतातच. ऑफिसात मायनॉरिटी आणि घरी कॉकेशियन, यात अवघड ते काय? घरी आल्यावर माणूस कपडे बदलतोच की.

"माझ्या मनात तसं काही नाही हो," सुमित्राताई म्हणाल्या. "पण फोटो पुण्याला पाठवायचे असतात. लोक काय म्हणतील?"

"तत्त्वतः आपला पाठिंबाच आहे," मोहनराव बोट हलवत म्हणाले. "प्रश्न फक्त वेळेचा आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या मुलीला करू दे."

जिन्यात बसलेल्या दीपाने विचारलं, "कॅन आय से समथिंग?"

"मोठी माणसं बोलतायत, बेटा," काका प्रेमाने म्हणाले. ज्याचा प्रश्न आहे त्यालाच मध्ये बोलू दिलं तर बैठका लांबतात, हा आमचा अनुभव.

सोमवारी मोहनराव, श्रीरंग काका आणि मी असं शिष्टमंडळ बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन शाळेत गेलं. मिस हॅन्लींनी लाडू खाल्ला, छान म्हणाल्या आणि काय काम काढलंत म्हणून विचारलं.

"दीपा इज कॉकेशियन," काका म्हणाले.

"एक्स्क्यूज मी?"

काकांनी आर्यांचं स्थलांतर थोडक्यात सांगितलं. (खैबरखिंडीपर्यंत यायला वीस मिनिटं लागली.) बाई हातातला अर्धा लाडू तसाच धरून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी तिला ते काम दिलं, कारण नाटक शाळेच्या जिममध्ये आहे, आणि त्या हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत फक्त तिचाच आवाज पोचतो."

इतक्या साध्या कारणाची आमची तयारी नव्हती. त्या खोलीत रंगाचा विषय आम्हीच नेला होता आणि आता तो टेबलावर लाडवांच्या डब्याशेजारी पडला होता. परत घेऊन जाणंही बरं दिसेना. शेवटी मोहनरावांनी विचारलं, दुसरं एखादं मोठं काम आहे का?

"कर्नल हॉलोवेचं आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "पण तो..."

"त्याची परिस्थिती कशी आहे?" काकांनी विचारलं.

हजार एकर जमीन, खांबांचं मोठं घर, तबेल्यात घोडे.

"घराणं चांगलं आहे," मोहनराव मराठीत मला म्हणाले. तिथल्या तिथे पसंती कळवली.

दीपा खूप रडली. खोलीचं दार लावून घेतलं, जेवायला आली नाही. मोहनराव दाराबाहेर उभे राहून समजावत होते. "अगं, कर्नलचं कामही तेवढंच मोठं आहे."

"बट ही इज राँग, बाबा!"

"नाटकच आहे ते. भाषण मात्र झकास लिही. मुद्दे हवेत का? मी देतो."

आतून आवाज आला, "नो. आय हॅव इनफ."

प्रयोगाच्या दुपारी बर्फ पडत होतं, तरी मंडळ झाडून हजर. पैठण्या, वर टोपीवाले जाड पार्का कोट, पायात बूट, अशा आमच्या दोन रांगा जिममध्ये उठून दिसत होत्या. मोझेसचं काम केविन नावाच्या सोनेरी केसांच्या मुलाला गेलं होतं. तो बुटांकडे बघत बोलला. मला मत द्यायचंय, म्हणाला. मुलीला शाळेत घालायचंय. जी जमीन आजवर नांगरली तिचा एक तुकडा माझा असावा, एवढंच. आवाज तिसऱ्या रांगेतही पोचत नव्हता, पण लोक पुढे वाकून ऐकत होते.

मग डोक्यावर हॅट, डोळ्यांवर चष्मा आणि ओठावर चिकटवलेली मिशी अशा थाटात आमची दीपा आली. तिने चष्मा मधल्या बोटाने वर सारला आणि बोलायला लागली.

"माझ्या मनात मोझेसबद्दल तसं काही नाही. तो आम्हाला घरच्यासारखा आहे. त्याच्या स्वातंत्र्याला आमचा तत्त्वतः पाठिंबाच आहे. प्रश्न फक्त वेळेचा आहे." इथे तिने बोट हलवलं. "चार्ल्सटनला आमचे नातेवाईक असतात. लोक काय म्हणतील? शिवाय आम्ही वेगळे आहोत. हे सायंटिफिक आहे." सगळं इंग्रजीत, अडखळणं नाही. मोझेसने हात वर केला, तेव्हा ती प्रेमाने म्हणाली, "मोठी माणसं बोलतायत, बेटा." तो 'बेटा' काही तिने इंग्रजीत केला नाही.

सगळं जिम हसून हसून लोळलं.

"पोरीने अभ्यास काय केलाय!" काका माझ्या कानात म्हणाले. "किती नॅचरल!" मोहनराव फोटो काढत होते. सुमित्राताईंची शाल खांद्यावरून घसरून जमिनीवर पडली. त्यांनी ती उचलली नाही.

मिस हॅन्ली पुढे आल्या. मोझेसच्या बाजूने कोण? जिमभर हात वर झाले. सुमित्राताईंचाही झाला.

"अगं, काय करतेस?" मोहनराव दबक्या आवाजात म्हणाले. "आपली दीपा तिकडे आहे."

हात खाली आला.

कर्नलच्या बाजूने कोण? बाईंनी हे विचारायचं म्हणून विचारलं, आणि मंडळ एकदिलाने उभं राहिलं. सोळा हात. परक्या मुलखात आपल्या मुलीला एकटं पाडायचं म्हणजे काय? सुमित्राताईंचा हात सतरावा. तो दोन्हीकडे मोजला गेला.

जिममधलं हसणं थांबलं. दीपाने हॅट काढली. मिशी अर्धी सुटून लोंबत होती. "व्हाय आर यू गाइज व्होटिंग फॉर मी?" तिचा आवाज नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "यू वर सपोज्ड टु व्होट अगेन्स्ट मी!"

मिस हॅन्लींनी मला नंतर गाठून सांगितलं, की नाटक त्या चौथ्यांदा बसवतायत, पण कर्नलला मतं पहिल्यांदाच पडली. "हिस्टॉरिकली, व्हेरी ॲक्युरेट," म्हणाल्या. मी मंडळातर्फे आभार मानले.

माझी गाडी थंडीने सुरू होईना, म्हणून मी सबनिसांच्या गाडीत मागे दीपाशेजारी बसलो.

"बाबा," दीपाने विचारलं, "मी सिटिझन कशी?"

"इथे जन्मलीस म्हणून. आमचं अजून ग्रीन कार्ड."

"दॅट रूल. दे पुट इट इन फॉर मोझेस."

तिचं बरोबर होतं. मी पुढे खात्री करून घेतली. जो या भूमीवर जन्मला तो इथला नागरिक, ही घटनादुरुस्ती १८६८ ची. मुक्त झालेल्या गुलामांना कोणी पुन्हा परकं ठरवू नये म्हणून केलेली. शब्द जरा सैल राहिले, आणि सबनिसांची मुलगी आत मावली.

मोहनरावांनी वायपर सुरू केले. बर्फ केव्हाच थांबलं होतं.

"मी आधी हात वर केला होता गं," सुमित्राताई पुढच्या सीटवरून मागे न बघता म्हणाल्या.

"आय नो, आई," दीपा म्हणाली. "आय सॉ बोथ टाइम्स."

पुढच्या बैठकीत दीपाच्या वास्तववादी अभिनयाबद्दल अभिनंदनाचा ठराव एकमताने झाला. ती मंडळात येत नाही. शनिवारी केविनच्या घरी जाते, त्याला मोठ्याने बोलायला शिकवते. यंदाच्या गणपतीत आम्ही दोन माइक ठेवले, तरी आरती काही चढेना.

तुम्ही म्हणाल, आम्ही त्या जिममध्ये असतो तर मोझेसच्याच बाजूने हात वर केला असता. केलाच असता. आठ हजार मैलांवरच्या, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला मत द्यायला कोणाचं काय जातं? बाकी तुमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरची जागा भाड्याने द्यायचीय म्हणे. माणूस चांगला आहे, नोकरी पक्की आहे, फक्त आडनाव ऐकल्यावर मीटिंग बोलवावी लागली. त्याला मीटिंगला बोलावलं नसेलच. बरोबर केलंत. माणूस समोर बसला की तत्त्वाचं बोलणं जड जातं.