बाहेरचा पंच

आमच्या संस्थेतले नाना मेलेल्या माणसांना फोन करतात. एवढ्यावर मी हसले असते आणि विषय सोडून दिला असता. पण पलीकडून फोन उचलला जातो.

ऑफिस कासारवाडीला, स्टेशनच्या अलीकडे, एका वर्कशॉपच्या माडीवर. प्रेस मशीनखाली बोटं गेलेल्या कामगारांना कृत्रिम बोटं बसवून द्यायची आणि त्या हाताला नवं काम शिकवायचं, हे संस्थेचं काम. ते चालतं देणग्यांवर. कोण देईल, कधी देईल, का देईल, हे हुडकून काढायचं काम नानांचं. मोठ्या संस्थांत याला प्रॉस्पेक्ट रिसर्च म्हणतात आणि त्याला एसी केबिन असते. आमच्याकडे याला नाना म्हणतात आणि त्यांच्या डोक्यावरचा पंखासुद्धा मनात आलं तरच फिरतो.

नाना पिंपळे गुरवचे, जुन्या गावातले. तीसेक वर्षं एका कंपनीच्या टाइम ऑफिसात काढली. म्हणजे गेटवर बसायचं आणि कामगार आत येता-बाहेर जाता पंच करतात ती हजेरीची कार्डं सांभाळायची. पुढे अंगठा लावायची मशीन आली तेव्हा उरलेली कोरी कार्डं कंपनी जाळणार होती. नानांनी ती पोत्यात भरून घरी आणली. आमचा एकेक देणगीदार आज त्याच कार्डावर आहे. एक रकाना "आत", एक रकाना "बाहेर". माणसाशी बोलणं झालं की नाना "आत"मध्ये लाल शाईने तारीख घालतात. कोपऱ्यात बारीक अक्षरात शेरा: "वॉचमनला नावानं हाक मारतो." "पाटीवर सुनेचं नाव घातलं. माणूस चांगला." काही विचारलं की मान वर न करता म्हणणार, "कार्डावर हाय."

माहिती कुठून आणतात म्हणाल, तर फिरून. बागेतल्या बाकांवरची नावं वाचतात, देवळातल्या देणगीदारांच्या पाट्या वाचतात, चौकातले श्रद्धांजलीचे फ्लेक्स तर पेपरसारखे चाळतात. मला सांगायचे, "पोरी, ज्याच्या दारात चपलांचा ढीग, तिथं जाऊ नगं. एकच जोड दिसला की बेल मार. त्यो देतो."

एकदा भोसरीच्या एका कारखानदाराचं कार्ड माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ह्यो गुरुवारी येईल." ना ओळख, ना फोन, ना पत्र. मी म्हटलं, हो का, चहा टाकून ठेवते. आणि गुरुवारी अकराला तो गृहस्थ खरंच दारात उभा! माझ्या हातातलं स्टेपलर खाली पडलं. तो गेल्यावर नाना म्हणाले, "गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हंजी मोकळा. अन् त्याचे झाडून सारे फोटो बघ, डावा हात खिशात. आपली पत्रकं मी त्याच्या गेटवर ठिवून आलो हुतो." त्याला डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. त्यानंतर नाना माझ्याकडे बघायला लागले की मी माझे हात टेबलाखाली घ्यायची.

यंदा सचिवसरांनी सॉफ्टवेअर आणलं. सगळी कार्डं मी कॉम्प्युटरवर चढवायची, मयत नावं काढून टाकायची आणि महिनाअखेरीला पेटी रद्दीत द्यायची, असा हुकूम सुटला. पेटी वरवर चाळली तेव्हा मयत निघाले तेवीस. तेवीसही जणांच्या "आत"मध्ये दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाची तारीख, मेल्यानंतरचीसुद्धा!

"नाना, हे वारलेत ना?"

"व्हय."

"मग तुम्ही बोलता कुणाशी?"

"बाहेरचा पंच कुठाय?" नानांनी रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "एकदा सेकंड शिफ्टचा एक गडी घरी गेला म्हनून सारी शपथा घेत हुती. मी म्हनलं, बाहेरचा पंच न्हाई, गडी आतच हाय. भट्टीमागं बेशुद्ध पडल्याला सापडला. मी तवा लोकांचं ऐकलं असतं तर? कार्डावरनं नाव उडवलं की माणूस खरंच जातो, पोरी. मग ह्यांला फोन कोन करनार?"

कप्पाळ माझं! मी पुढचं कार्ड टाइप करायला घेतलं.

दोनच दिवसांनी निगडीच्या जगदाळेसाहेबांचा वाढदिवस होता. साहेब जाऊन चार वर्षं झालेली. नानांनी फोन लावला, घसा साफ केला आणि सुरू झाले. "साहेब, नमस्कार. गुडघा काय म्हनतोय? ... व्हय व्हय. ... गुलाबांना खत घातलं का?" मध्ये थांबत होते, मान डोलवत होते, एकदा तर हसलेसुद्धा. माझ्या टेबलावर त्याच लाइनचा दुसरा फोन आहे. मी हळूच उचलला.

पलीकडे कुणीही बोलत नव्हतं. घड्याळाची टिकटिक येत होती आणि कुणाचा तरी श्वास. नानांनी काही विचारलं की श्वास थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. भर दुपारी, खाली लेथ चालू असताना मी घाबरले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून निगडी गाठली. प्राधिकरणातला बैठा बंगला, पुढे गुलाब. दारात चपलांचे दोन जोड. एक बाईंचा, आणि एक पुरुषाचे काळे बूट, नुकतेच पॉलिश केलेले. मी बेल न वाजवता परत फिरणार होते, तेवढ्यात जगदाळेबाईंनीच दार उघडलं.

"संस्थेतून आलात ना? नाव काढायला? काल नाना ह्यांना सांगत होते."

बाईंनी आत नेलं. भिंतीवर साहेबांचा फोटो, त्याच्याखाली स्टुलावर फोन. शेजारी घड्याळ. "नानांचा फोन आला की मी रिसीव्हर ह्यांच्या फोटोपाशी धरते," त्या म्हणाल्या. "मी मध्ये बोलत नाही. फोन ह्यांना असतो. नाही तर आता ह्यांना विचारतं कोण? बँकेवालेसुद्धा 'दिवंगत' म्हणूनच सुरुवात करतात." मग माझा हात घट्ट धरला. "नाव राहू द्या हो. वर्षातून एकदाच तर असतं."

मी हो म्हणाले. परतीच्या बसमध्ये स्वतःवरच चिडले होते. कशाला भीत होते मी, त्या म्हातारीच्या श्वासाला?

कार्डं संपत आली तेव्हा पेटीच्या तळाशी चोविसावं मयत कार्ड सापडलं. नाव इंदूबाई. पत्ता पिंपळे गुरव. देणगी: "पहिल्या बोटाला तिच्या कानातली." शेरा: "जेवल्याबिगर कुनाला सोडत न्हाई." फोन नंबर मी दोनदा वाचला. नानांच्या घरचा लँडलाइन. मुलाने मोबाइल घेऊन दिला तरी जो ते काढू देत नाहीत, तोच.

इंदूबाई म्हणजे नानांची बायको. सहा वर्षांपूर्वी गेलेली. सहाही वर्षं तिच्या वाढदिवसाची तारीख, पण "आत"मध्ये नाही. पाठीमागे पेन्सिलने लिहिलेलं, एकाखाली एक: फोन आला न्हाई. फोन आला न्हाई. फोन आला न्हाई.

ती तारीख बघून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाना वर्षातून एकच हाफ डे घेतात, ह्याच तारखेला. आम्ही त्यावरून काय काय चेष्टा करायचो! नानांची कुणी मैत्रीण आहे, अमकं आहे, तमकं आहे. तेवीस जणांना ते फोन करू शकत होते. हिला कसा करणार? इकडून लावायला नाना, तिकडून उचलायलाही नानाच. म्हणून घरी जाऊन बसायचे, कुणीतरी लावील म्हणून. आणि ऑफिसात आम्ही दात काढत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सॉफ्टवेअरमध्ये मी चोवीसही जणांपुढे "सक्रिय" लिहिलं. सचिवसर तणतणले. "अहो प्रज्ञा, हे लोक वारलेत!" मी म्हटलं, "बाहेरचा पंच नाही, सर." पेटी माझ्या टेबलाखाली गेली. रद्दीवाल्याला मी जुनी वर्तमानपत्रं देऊन टाकली.

मग ती तारीख आली. दुपारी एकला नाना हाफ डेचा अर्ज ठेवून, केस विंचरून गेले. यंदा कुणी काही बोललं नाही. हातातलं काम संपायला साडेचार वाजले. ऑफिस रिकामं झाल्यावर मी कार्ड पुढ्यात घेतलं आणि नंबर फिरवला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"हॅलो," मी म्हटलं. "संस्थेतून बोलतेय. इंदूबाई आहेत का?"

पलीकडे काहीतरी सरकल्याचा, टेकवल्याचा आवाज. आणि श्वास. मला कळलं रिसीव्हर कुठे धरलाय ते.

"इंदूबाई, वाढदिवसाच्या शुभेच्छा," मी म्हणाले. "तुमच्या कानातल्यांतून पहिलं बोट झालं. त्यानंतर पुष्कळ झाली. नाना ठीक आहेत. पंख्याखाली बसतात. पंखा धड चालत नाही, पण मी करून घेते दुरुस्त." डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. कार्डावरचं सगळं बोलून झालं होतं.

मग नानांचा आवाज आला, अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसा.

"ती इचारतीय, जेवलीस का?"

त्या दिवशी मी डबा घरीच विसरले होते. सकाळपासून पोटात नुसता चहा होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि कार्डावर तर नव्हतंच.

"नाही हो, इंदूबाई," मी म्हटलं.

"मग ये म्हनती," नाना म्हणाले. "भाकरी टाकतो."