आतलं सोडा!

"मावशी, तुम्ही निर्धास्त राहा! पिल्लांच्या केसालाही धक्का लागणार नाही. सगळं ठरलंय माझं!" पक्षी वाचवणाऱ्या संस्थेचे साहेब छाती फुगवून म्हणाले.

"पिल्लांना केस नसतात," मावशी म्हणाल्या. शेत त्यांचं होतं.

त्यांच्या गव्हात, अगदी मधोमध, भोवत्या नावाच्या शिकारी पाखराने जमिनीवरच संसार थाटला होता. चार पिल्लं, एकालाही उडता येईना. साहेबांनी घरट्याभोवती काठ्या रोवून लाल फडकी बांधली होती. पिल्लं उडेपर्यंत तेवढा तुकडा उभा ठेवायला मावशी कशाबशा तयार झाल्या होत्या. आसपासचे शेतकरी बांधावर बघायला जमले होते. इथे जमलं, तर तेही आपापल्या शेतातली घरटी राखणार होते. पिल्लं चिरडली, तर साहेबांना पुन्हा कुणी दारातही उभं करणार नव्हतं!

कापणीचं यंत्र धडधडत शेतात शिरलं. साहेब बांधावरून ओरडले, "फडक्यांच्या आतलं सोडा!"

"काय?" ड्रायव्हरने कानामागे हात धरला.

"आतलं सोडा! आत!"

"आत सोडू? बरं!"

आणि यंत्र थेट फडक्यांकडे वळलं!

"अहो, नाही!" साहेबांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले. ड्रायव्हरचा जन्म लोकांचे हात बघून गाड्या आत घेण्यात गेलेला. त्याला वाटलं, साहेब 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणताहेत. त्याने वेग वाढवला!

"ठरलंय ना हो सगळं?" मावशी किंचाळल्या.

उत्तर द्यायला साहेब होतेच कुठे? ते जीव मुठीत धरून गव्हातून पळत सुटले होते. पात्यांचा खडखडाट क्षणाक्षणाला जवळ! काठ्यांपाशी पोचले, अडखळले आणि यंत्रासमोरच, फडक्यांच्या आत पालथे पडले.

तेवढ्यात पिल्लांची आई वरून झेपावली. एवढं मोठं यंत्र तिला दिसलं नाही. दिसलं ते घरट्याशी पडलेलं टक्कल! एक पंजा, दुसरा पंजा!

"अगं बाई, मी तुझ्याच बाजूचा आहे!" साहेब डोकं झाकत ओरडले.

"अरे बाप रे! पाखरू माणूस फाडतंय!" ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. पाती फडक्यांपासून हातभर अंतरावर थांबली. चारही पिल्लं चोची वासून बघत होती, धडधाकट!

डोक्याला रुमाल बांधून साहेब लंगडत बांधावर आले. शेतकऱ्यांची आपसात कुजबुज चालली होती. शेवटी एक जण पुढे झाला.

"साहेब, ठरलं. आमच्याही शेतातली घरटी आम्ही राखणार."

साहेबांना गहिवरून आलं. "पाखरांवरची ही तुमची माया..."

"माया कसली? त्या तुकड्यात पाय ठेवायची कुणाची छाती आहे! तुमचं डोकं पाहिलं की आम्ही."

पिल्लं मोठी झाली की हा पक्षी कुणाच्या वाटेलाही जात नाही, हे सांगायला साहेबांनी तोंड उघडलं. मग जरा विचार केला.

"हो ना," ते म्हणाले, "फार डूख धरणारी जात आहे!"