भास्करराव आणि जवळचा रस्ता

लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहिले की भास्करराव साळवे आधी कमरेवर हात ठेवून सगळी पंगत नजरेखालून घालतात. कुठून सुरुवात केली की बादली कुठं संपेल आणि तिथून आचारी जवळ पडेल का, हे मनात ठरतं. तोवर लोकांचा भात गार. पण "रिकामा फेरा पडला न्हाई पाहिजे!"

जालन्यातल्या आमच्या संस्थेच्या दोन गाड्या डायलिसिसच्या पेशंटांना गावोगावाहून आणतात, परत सोडतात. मी तिथं कार्यालय सांभाळतो, भास्करराव गाड्यांचे रस्ते आखतात. संगणकात गावं आणि वेळा भरल्या की सॉफ्टवेअर सगळ्यात जवळचा रस्ता काढून देतं. ते आल्यापासून भास्करराव नव्या नवरदेवासारखे खुशीत असतात. पुतणीचं लग्न परतूरला होतं. वऱ्हाडाच्या गाड्या त्यांनी अशा बराबर आखल्या, की आम्ही पोचलो तेव्हा मांडववाला अजून बांबू उतरवत होता.

"सवय जुनीच हाय," सुनंदावहिनी सांगतात. "मला बघायला आल्ते तेव्हाबी वाटेतल्या दोन गावच्या पोरी बघूनच आल्ते. एकाच फेऱ्यात!"

गेल्या वर्षी सॉफ्टवेअरनं त्यांना एक नवीन गोष्ट दाखवली. धावडा गावच्या लक्ष्मीबाई पेशंटांत सगळ्यात लांबच्या. बाकीच्यांना वाटेत सोडत सोडत त्यांचं घर शेवटी यायचं. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर त्याच बाजूचा, मुक्कामाला रोज रिकामी गाडी घेऊन जायचा. लक्ष्मीबाईंना त्या गाडीत बसवलं तर तासभर आधी घरी! भास्कररावांनी सगळ्या कार्यालयाला चहा पाजला.

पुढच्याच आठवड्यात लक्ष्मीबाई हाताला पट्टी बांधलेल्या अवस्थेत त्यांच्या टेबलाशी आल्या.

"का रं बाबा, माझं काय चुकलं?"

"चुकलं न्हाई मावशी. तुम्हाला जल्दी घरी सोडून राह्यलो."

"जल्दी जाऊन करू काय? लेक पुण्याला, मालक गेले. जुन्या गाडीत माझ्या बाया हायत. सुई टोचली तर त्यांनाच कळतं. आता मी ड्रायव्हरच्या पाठीकडं बघत जाते."

भास्कररावांनी खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. त्या गेल्यावर संगणकाशी बसले आणि दुसरी गाडी धावड्याला ज्या सरळ रस्त्यानं जायची त्यावर 'बंद' असा शेरा टाकला. सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं लक्ष्मीबाईंना जुन्या गाडीत बसवलं.

संस्थेच्या साहेबांनी विचारलं, "तो रस्ता तर नवाच झालाय ना?"

"खड्डे पडलेत," भास्करराव मान वर न करता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चला, जरा गाडीतून जाऊन येऊ." आम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. मागं चार बाया, दमलेल्या, तरी हसून राह्यलेल्या. लक्ष्मीबाई सांगत होत्या, त्यांची सासू नव्या जावयाला चोर समजून मुसळ घेऊन कशी धावली आणि तो धान्याच्या कणगीत कसा जाऊन लपला ते. बाकीच्या एकेक करून उतरल्या. आता वाटेतल्या गावची शेवटची सोबतीण उतरायची होती, तिची गल्ली दिसायला लागली.

"हळू चालव रं," मागून लक्ष्मीबाई ओरडल्या. "जावई अजून कणगीतच हाय!"

ड्रायव्हरनं भास्कररावांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"पुढून वळसा घे," ते म्हणाले.