विजयाताईंची लात्व्हियन

"सातशे वर्षं!" लिफ्टचं दार उघडताच विजयाताई माझ्यावर कडाडल्या. "सातशे वर्षं स्वतःच्याच जमिनीवर दुसऱ्याची गुरं हाकली त्यांनी, आणि तुला काहीच वाटत नाही?"

सकाळचे साडेसात वाजले होते. माझ्या एका हातात लेकीचा डबा, दुसऱ्या हातात लॅपटॉपची बॅग. कोणाची जमीन, कोणाची गुरं, मला काहीच ठाऊक नव्हतं. तरी शेजारधर्म म्हणून मी म्हटलं, "वाटतं ना ताई, फार वाईट वाटतं."

"वाईट वाटून काय होतंय? राग आला पाहिजे, राग!"

नवव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मला कळलं ते एवढंच, की ही माणसं लात्व्हिया नावाच्या देशातली होती, आणि जर्मन सरदारांनी येऊन त्यांच्या जमिनी बळकावल्याला आठशे वर्षं होऊन गेली होती. विजयाताईंच्या चेहऱ्यावरून ते काल संध्याकाळी घडलं असावं असं वाटत होतं.

विजयाताई दाभाडे सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्यात जुन्या मराठी रहिवासी. मूळच्या नाशिकच्या. जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. लग्न केलं नाही. "वेळ नव्हता," एवढंच सांगतात, आणि तेही अशा सुरात की पुढचा प्रश्न तोंडातच विरघळतो. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट नेहमी रिकामी असायची म्हणे. निवृत्त झाल्यावर हा राग कुठे ठेवायचा, हा प्रश्न त्यांना पडला असावा. तो त्यांनी लात्व्हियन भाषेत ठेवला.

त्यांची शिकण्याची पद्धत स्वतःची होती. आधी त्यांनी फोनवर एक अॅप घेतलं. त्याने पहिल्याच धड्यात शिकवलं, मांजर दूध पितं. विजयाताईंनी ते अॅप त्याच मिनिटाला उडवलं. "त्या लोकांचं काय काय झालंय, आणि हा मला मांजर शिकवतो!" मग त्यांनी लात्व्हियाच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आणि एक शब्दकोश मागवला, आणि दोन्ही शेजारी शेजारी उघडून बसल्या. इतिहासात जो शब्द भेटेल तोच शिकायचा. आणि ज्या शब्दाचा राग येणार नाही तो वहीत लिहायचा नाही.

"राग आला की शब्द बसतो," त्या सांगायच्या. "कुंग्स. म्हणजे साहेब, मालक. शब्द मुळात जर्मनांचा. आज साध्या माणसाला श्रीयुत म्हणायचं तरी मागे कुंग्स लावतात. मालक गेले, शब्द बसलाय मांडी ठोकून! मुइझा म्हणजे त्या मालकाची गढी. वागर्स म्हणजे शेतावरचा मुकादम, चाबूकवाला. लिहून घे."

"मी कशाला लिहून घेऊ, ताई?"

"तुझ्या डोक्यात काही राहत नाही म्हणून."

सगळ्यात जास्त राग त्यांना 'ब्रीवीबा' या शब्दाचा होता. ब्रीवीबा म्हणजे स्वातंत्र्य. मोकळा या अर्थाचा त्यातला मूळ शब्दही जर्मन मालकांच्याच बोलीतून आलेला. हे त्यांना कळलं त्या दिवशी आम्ही खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी पीत होतो. "मोकळं व्हायचं म्हटलं तरी शब्द ज्याने बांधून घातलं त्याच्याकडून घ्यायचा?" असं म्हणून त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की शेजारच्या काकांची नूडल्स हलली. कॉफीवाल्याने तिथूनच हाक दिली, "आंटी, डोन्ट अँग्री लाह!"

"व्हाय नॉट?" विजयाताई उभ्या राहिल्या. त्याने एक कॉफी फुकट पाठवली.

गणपतीत तर कहरच झाला. आरती झाल्यावर बँकेतले एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "विजयाताई, तुमच्या त्या भाषेत देवाला दिएव्स म्हणतात, अग्नीला उगुन्स म्हणतात. म्हणजे सगळं मुळात आपलंच की!"

मी डोळे मिटून घेतले.

"आपलं?" विजयाताईंच्या हातात प्रसादाचा द्रोण होता. "लांबचं नातं आहे, कबूल. पण जर्मन आले, पोलिश आले, स्वीडिश आले, रशियन आले, आणि एवढ्या सगळ्यांच्या टाचेखाली त्या बायांनी हे शब्द गाण्यांत जपून ठेवले. चार ओळींची गाणी, आपल्या ओव्यांसारखी. दैना म्हणतात त्यांना. आपल्याकडे दैना म्हणजे हाल, त्यांच्याकडे दैना म्हणजे गाणं! आणि तुम्ही एसीत बसून शिरा खात म्हणता, आपलंच! त्या सरदारांत आणि तुमच्यात फरक काय?"

त्या गृहस्थांनी पुढच्या वर्षी आरतीची वेळ बदलून घेतली.

आमच्या मजल्याच्या टोकाला आंद्रिस नावाचा एक लात्व्हियन इंजिनियर राहत होता. विजयाताईंच्या जुन्या बेटावरच, जुरोंगला, कामाला. गेल्या वर्षी त्याने आपल्या म्हाताऱ्या आईला, मिर्झाला, इथे आणलं होतं. आजी ऐंशीच्या पुढच्या, निळ्या डोळ्यांच्या, कायम अंगावर लोकरीचा स्वेटर. विजयाताई रोज दुपारी वही घेऊन तिकडे जायच्या. आम्हाला वाटायचं, बाईंना भाषेचं खूळ लागलंय आणि सरावाला आयती म्हातारी मिळाली आहे. माझी लेक सानिका तर म्हणायची, "पुअर ग्रॅनी, एव्हरी डे काना स्कोल्डिंग लाह." रोज बिचाऱ्या आजींना बोलणी बसतात, असं तिचं म्हणणं.

हे उलटं होतं, ते मला एका शनिवारी दुपारी समजलं.

कॉरिडॉरमध्ये गलका ऐकून मी बाहेर आले. जिन्याच्या तोंडाशी मिर्झा आजी उभ्या होत्या. पाय अनवाणी, स्वेटरवर जाड कोट, डोक्याला रुमाल. बाहेर ऊन भाजत होतं. त्यांनी उशीचा अभ्रा छातीशी धरला होता, आणि त्यात पावाचे तुकडे, एक चमचा, लोकरीचे मोजे भरले होते. त्या एकच काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होत्या. दोन शेजारणी त्यांना इंग्रजीत समजावत होत्या, आणि त्या प्रत्येक इंग्रजी वाक्यागणिक एक पायरी खाली सरकत होत्या. आंद्रिस शनिवारच्या पाळीवर होता, आणि कारखान्याच्या आत फोन नेता येत नाही. कोणीतरी पोलिसांना कळवलं होतं.

विजयाताई दार आपटून आल्या. आता या सगळ्यांना फाडून खाणार, असं मला वाटलं. त्या गप्पकन जिन्यावर बसल्या. आजींच्या पायापाशी. आणि त्यांचा जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता.

"विल्त्सिएना नाव," त्या हळू म्हणाल्या. मग पुन्हा, "विल्त्सिएना नाव. यूस एसात मायास."

आजी थबकल्या.

"काय सांगताय?" मी कुजबुजले.

"आगगाडी नाहीये, असं सांगतेय मी. तुम्ही घरीच आहात, असं." माझ्याकडे न बघता विजयाताई मराठीत बोलत होत्या. "ही पाच-सहा वर्षांची होती. सोव्हिएत सैनिकांनी दार ठोठावलं. आईला आणि हिला गुरांच्या डब्यात घालून सायबेरियाला धाडलं. इंग्रजी, रशियन, सगळं विसरली आहे आता. वय विसरली आहे. दार वाजलं की हिला वाटतं, तेच आले. आज कोणीतरी पार्सल द्यायला आलं असेल." मग त्यांचा नेहमीचा सूर क्षणभर परत आला. "भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांत शिकवतात, वेटर, मला कॉफी हवी! हिला कुठे कॉफी हवी आहे? हिला डबा, सैनिक, पाव आणि आई एवढेच शब्द उरलेत. मग मी दुसरे कुठले शिकू?"

तेवढ्यात लिफ्टमधून पोलीस अधिकारी आला. धिप्पाड, गणवेशातला. आजींनी त्याला पाहिलं आणि अभ्रा इतका घट्ट धरला की त्यातला चमचा खणकन पायऱ्यांवर पडला.

"टोपी काढ!" विजयाताई बसल्या जागेवरून इंग्रजीत गरजल्या. "बूट काढ! आणि बस खाली! उभा राहून बोलायचं नाही तिच्याशी!"

सिंगापूरमध्ये पोलिसावर कोणी असं ओरडल्याचं मी ऐकलेलं नाही. तो गडबडला. मग त्याने टोपी काढली, बूट काढले, आणि नुसत्या पायमोज्यांत पायरीवर बसला. विजयाताईंनी अभ्र्यातून पावाचा एक तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. "खा."

त्याने खाल्ला. आजी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दुसरा तुकडा काढला आणि आपल्या हाताने त्याला दिला.

आजींना झोपवून आम्ही विजयाताईंच्या घरी आलो. मी चहा टाकला आणि विचारलं, "ताई, एवढं सगळं एका शेजारणीसाठी?"

मला वाटलं, कडाडतील. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"माझी आई धारवाडची. लग्न होऊन नाशिकला आली आणि मराठीच झाली, आमच्याशी कधी कन्नड बोलली नाही. शेवटच्या आजारात मराठी विसरली. मी इथून चार दिवसांची रजा काढून गेले. चारही दिवस ती माझा हात धरून एकच काहीतरी मागत होती. मी पाणी दिलं, दूध दिलं, पांघरूण दिलं, डॉक्टर आणले. ती मान हलवायची आणि पुन्हा तेच म्हणायची. पाचव्या दिवशी मी विमानात होते, तेव्हा गेली."

"कोणालाच विचारलं नाहीत?"

"नंतर कोणत्या तोंडाने विचारू?" त्या भडकल्या, पण माझ्यावर नाही.

"शब्द आठवतोय?"

त्या म्हणाल्या, "बागिल तेगी."

माझ्या ऑफिसात हुबळीची एक मुलगी आहे. मी तिथल्या तिथे तिला मेसेज केला. चहा उकळायच्या आत उत्तर आलं. ते वाचून फोन खिशात टाकावा असं मला फार वाटलं. पण विजयाताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"दार उघड," मी म्हटलं. "दार उघड, असा अर्थ आहे."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. त्या पदराने ओटा पुसत राहिल्या, पुसलेलीच जागा पुन्हा पुन्हा.

"एवढंच होय," त्या म्हणाल्या. "उघडलं असतं गं मी."