पाणी सोडण्याचा अधिकार

चोवीस बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत रोज सकाळी सात ते आठ पाणी येत असे. येत असे म्हणजे अध्यक्ष सोडत असत. गच्चीच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे असे. ते वर जात, टाकीचा व्हॉल्व्ह फिरवत आणि तासाभराने बंद करत. अकरा वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. माणूस लोण्यासारखा मऊ, कुणाला कधी उणा शब्द बोलला नाही. थोडक्यात, अकरा वर्षं अध्यक्ष टाकीचं पाणी सोडत होते आणि बाकीची तेवीस बिऱ्हाडं आपल्या हक्कावर पाणी सोडत होती. तक्रार कुणाचीच नव्हती.

ती सुरू झाली एका मंगळवारी. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल जिन्यात अध्यक्षांना भेटले. अध्यक्षांनी एक विनोद सांगायला घेतला आणि तो संपायच्या आधीच ग्रंथपाल खो खो हसले. घरी येऊन चपला काढताना त्यांच्या लक्षात आलं, की हा विनोद आपण आठव्यांदा ऐकला. चेहरा पडलेला पाहून बायकोने विचारलं, "अहो, काय झालं?"

"मी गुलाम आहे," ग्रंथपाल म्हणाले.

"बरं. हात धुऊन घ्या, पान वाढलंय."

पण ग्रंथपालांना जेवण गेलं नाही. ते तसेच अध्यक्षांच्या दारात जाऊन उभे राहिले. "समजा, उद्या तुम्ही पाणी सोडलंच नाही, तर?"

"का नाही सोडणार?" अध्यक्ष प्रेमाने म्हणाले. "तुम्ही सगळे मला आवडता."

"आणि आवडेनासे झालो तर?"

अध्यक्षांनी चहा विचारला.

रविवारी सभा भरली. ग्रंथपाल चाळीस मिनिटं बोलले. मालक चांगला असला तरी मालकच असतो. आपल्याला चांगला मालक नको, मालकच नको, असा भाषणाचा मथितार्थ. टाळ्या पडल्या. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तेवढे उठून म्हणाले, "मला कुणी अडवत नाही, म्हणजे मी स्वतंत्र आहे. नळाला पाणी आहे, माझं दार मला लावता येतं. आणखी काय हवं?"

"अडवत नाहीत, पण अडवू शकतात!" ग्रंथपाल कडाडले.

ठराव मंजूर झाला. गच्चीच्या दाराला तीन कुलपं. तीन किल्ल्या दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून तीन वेगवेगळ्या घरांत. तिघं एकत्र आल्याशिवाय दार उघडणार नाही, म्हणजे कुणी एकटा कुणाचा धनी होणार नाही. सोबत ग्रंथपालांनी स्वतः लिहिलेली नियमावली. अध्यक्षांनी आपली किल्ली हसत दिली आणि दुसऱ्या दिवसापासून ते आठपर्यंत झोपू लागले.

नऊ दिवस दृष्ट लागावी असं चाललं. दहाव्या दिवशी एक किल्लीदार किल्ली खिशात घालून बहिणीकडे गेला. तेव्हा नियम झाला, की किल्लीदाराने परवानगीशिवाय इमारत सोडू नये. परवानगी सभा देणार, म्हणून सभा आठवड्याला. सभेला माणसं येईनात, म्हणून हजेरी. हजेरी बघायला दक्षता समिती, तिच्या प्रमुख गणिताच्या बाई. दोनदा गैरहजर राहणाऱ्याचं नाव जिन्यातल्या फळ्यावर लागे : 'समाजभावना : कमी.'

डॉक्टरांचं नाव दुसऱ्याच आठवड्यात लागलं. त्यांनी फळ्याकडे ढुंकूनही न बघता रस्त्यावरून वेगळी जोडणी घेतली आणि स्वतःच्या बाल्कनीत स्वतःची टाकी बसवली. तिच्यावर पाटी : 'खाजगी'.

डॉक्टरांच्या समोरच्या दारात शिवणकाम करणारी ताई राहायची. आई अंथरुणाला खिळलेली. उठवणं, पुसणं, चादरी बदलणं सगळं हिच्याच अंगावर. सभेला जायला तिला सवड नव्हती आणि टाकी ठेवायला बाल्कनी रिकामी नव्हती, तिथे शिलाई मशीन होतं. चौथ्या महिन्यात एक किल्ली तिच्या नावे निघाली.

आणि एका सकाळी सात वाजता गच्चीपाशी दोनच किल्ल्या आल्या. सव्वासात झाले, साडेसात झाले. दक्षता समिती ताईच्या दारात आली. मागे ग्रंथपाल.

ताईने दार उघडलं. केस विस्कटलेले, हात ओले. "आई पलंगावरून पडली हो. उचलत होते. ही घ्या किल्ली."

"किल्ली अशी हातोहात देता येत नाही," गणिताच्या बाई म्हणाल्या. "हस्तांतर सभेतच होतं. गैरहजेरीचं कारण मी 'वैयक्तिक' लिहिते."

समोरचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले. "त्यांना छळू नका! त्यांचं आयुष्य त्यांचं आहे. कुणाला त्यात नाक खुपसायचा अधिकार नाही!"

ताईचे डोळे भरून आले. "डॉक्टर, एक बादली पाणी द्याल? आईला स्वच्छ करायचंय."

डॉक्टर आपल्या दाराकडे सरकले. "ताई, मी कुणाच्या खाजगी बाबतीत हात घालत नाही. तुमच्याबद्दल मला आदर आहे म्हणूनच." आणि त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

ताई ग्रंथपालांकडे वळली. "काका, तुमच्याकडे असेल का?"

ग्रंथपालांकडे होती. काल भरून ठेवलेली, काठोकाठ. पण नियमावलीचं कलम चौदा त्यांनीच लिहिलं होतं : एकाने दुसऱ्याला परस्पर मदत केली की उपकार होतो, उपकारातून मिंधेपणा येतो आणि मिंधेपणातून मालक जन्मतो. "ताई, अर्ज करा," ते घसा खाकरून म्हणाले. "आपण सर्वांच्या वतीने देऊ. सन्मानाने."

"सर्व कधी जमतात?"

"रविवारी."

त्या दिवशी गुरुवार होता. ताईने दार लावलं नाही. ती नुसती आत निघून गेली. आतून आईचं कण्हणं ऐकू येत होतं. समिती वहीत वेळ लिहीत होती. तेवढ्यात वरून पायऱ्यांवर पाणी सांडल्याचा आवाज आला. ग्रंथपालांची बायको बादली घेऊन उतरत होती. ती नवऱ्याच्या समोरून, समितीच्या मधून ताईच्या घरात शिरली आणि तासाभराने रिकामी बादली घेऊन बाहेर आली.

संध्याकाळी तिला नोटीस निघाली. सही ग्रंथपालांची होती, कारण नियम सर्वांना सारखा. तिने ती उभ्याउभ्या वाचली. "आता चहा तुमचा तुम्ही करून घ्या," ती म्हणाली. "मी दिला तर मिंधे व्हाल."

ग्रंथपालांनी चहा केला. साखर कुठे असते, हे चाळीस वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची सोय उरली नव्हती. बिनसाखरेचा चहा पिताना ताईचे ओले हात त्यांच्या डोळ्यांसमोर आले. ते उठले, तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले, ताईच्या बेलवर बोटही ठेवलं. मग वाटलं, एकट्याने माफी मागणं बरं दिसणार नाही, सभेतर्फे मागावी.

सभेत विषय यायच्या आतच ताईने घर सोडलं. आईला खुर्चीत बसवून खाली नेलं, तेव्हा खुर्चीचे दोन पाय ताईने धरले होते आणि दोन ग्रंथपालांच्या बायकोने. बाकीची इमारत सभेत होती. तिथे दोन ठराव आले. डॉक्टर खास त्यासाठी हजर राहिले आणि त्यांनी ताईच्या घर सोडून जाण्याच्या स्वातंत्र्याचं अभिनंदन केलं. ग्रंथपालांनी समाजाला मुकलेल्या भगिनीबद्दल हळहळ व्यक्त केली. कधी नव्हे ते दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले.

तिसऱ्या मजल्यावरची ती जागा अजून रिकामी आहे. उजेड भरपूर, शेजार सुशिक्षित. विचार करणारं, वाचणारं कुटुंब हवं आहे, म्हणजे तुमच्यासारखंच. अर्ज खाली मिळतो. त्यात एकच प्रश्न आहे : शेजारी कुणी पडलं तर आपण (अ) सभा बोलावाल, की (ब) दार लावून घ्याल? एकाच चौकोनात खूण करायची आहे. आतापर्यंत एकूण सत्तावन्न अर्ज आले. तिसरा चौकोन का नाही, असं त्यांतल्या एकानेही विचारलेलं नाही.